‘खेळ बघावा का?’ मला विचारा

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. जुनी म्हणजे इतकी, की माझ्या पहिल्या पानावरची शाई आता डोळे बारीक केल्याशिवाय वाचता येत नाही. पण म्हणून मला कमी लेखू नका. दुकानात गठ्ठ्याने मिळणाऱ्या वह्यांमधली मी नव्हे. मला मुद्दाम बनवून घेतलं आहे, आणि या शहरात येणाऱ्या पाहुण्यांना जो प्रश्न हमखास पडतो, त्याचं उत्तर माझ्याजवळ असतं. मी जरा भाव खाते, हे मला मान्य आहे. माझी गोष्ट ऐकलीत की तुम्हीही म्हणाल, खाऊ दे बिचारीला.

प्रश्न असा. आमच्या शहरात नाचगाण्याचा एक खेळ चालतो. त्याला कॅबरे म्हणतात. तीन पिढ्या तो चालू आहे. पिसांचे मुकुट, चमचमणारे कपडे, मोठा बँड, आणि रंगमंचाच्या मधोमध सव्वीस पायऱ्यांचा जिना. त्या जिन्यावरून बारा जणी एका ओळीत खाली उतरतात. येणारा प्रत्येक प्रवासी त्या खेळाचं नाव घरूनच ऐकून आलेला असतो. पण तिकीट महाग, मुक्काम थोडा, आणि दिवसभर फिरून पायांचे तुकडे पडलेले. मग माणसं सामान खोलीत टाकतात, खाली येतात आणि विचारतात, "काय हो, तो खेळ खरंच बघण्यासारखा आहे का?"

मी राहते ते लॉज थिएटरपासून चार रस्ते पलीकडे आहे. नऊ खोल्या, आणि खाली पाहुण्यांना बसायला एक मोठी खोली. तिथे खिडकीजवळ एक टेबल, टेबलावर मी, आणि माझ्या पाठीला सुतळीने बांधलेलं पेन. पूर्वी मी नव्हते तेव्हा या प्रश्नाचं उत्तर लॉजच्या मालकीणबाई तोंडीच द्यायच्या. एका कुटुंबाला त्यांनी सांगितलं, "डोळे झाकून जा." ते गेले, आणि परत आल्यावर तीन दिवस मालकीणबाईंशी धड बोलले नाहीत. मग एका गृहस्थाला त्यांनी सांगितलं, "काही विशेष नाही हो." तो गेला नाही, आणि घरी पोचल्यावर शेजाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं. त्याने तसं पत्र लिहून कळवलं. मालकीणबाई म्हणाल्या, "हा ताप माझ्या डोक्याला नको. ज्यांनी बघितला त्यांनीच सांगावं."

त्यांचे दीर पुस्तकं बांधायचे. नकाशे छापणाऱ्या छापखान्यातून उरलेला जाड कागद त्यांनी आणला, दुहेरी दोऱ्याने शिवला, आणि बसायच्या खोलीचा जुना मरून पडदा कापून मला कव्हर घातलं. माझी शिवण आजही एका जागी सुटलेली नाही. मी माझ्या तोंडाने सांगते आहे, पण खरं तेच सांगते आहे.

मालकीणबाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि नियम केले. पहिला नियम असा, की खेळ बघून आल्या आल्या कोणी लिहायचं नाही. रात्री माणूस भारावलेला असतो, नाहीतर भुकेने चिडलेला असतो. लिहायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिऊन झाल्यावर. दुसरा नियम असा, की छान आहे, वाईट आहे, असं मोघम लिहायचं नाही. तीनच गोष्टी लिहायच्या. कुठे बसलो, काय आवडलं, आणि कोणी बघावा. चहाच्या आधी कोणी पेनाला हात लावला, तर मालकीणबाई सरळ पेन काढून घ्यायच्या. एका मोठ्या अधिकाऱ्याच्या हातातूनही त्यांनी ते काढून घेतलं होतं. मला इतकं बरं वाटलं होतं.

मग माझी पानं भरायला लागली. एका दातांच्या डॉक्टरने लिहिलं, "तिसरी रांग. इतके निरोगी दात मी एका जागी पाहिले नव्हते. माझ्या धंद्यातल्या लोकांनी जरूर बघावा." एका शाळामास्तरांनी लाल पेन स्वतःच्या खिशातून काढलं आणि खेळाला शंभरपैकी एकाहत्तर गुण दिले. नवीन लग्न झालेल्या एका जोडप्याने समोरासमोरच्या दोन पानांवर दोन अगदी उलट मतं लिहिली आणि दिवसभर वेगवेगळे फिरले. एका आजींनी लिहिलं, "ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बघू नये. खुर्च्या फार जवळ आहेत. माझे दुखतात, तरी मी पुन्हा जाणार आहे." आणि जवळजवळ दर चौथ्या पानावर एक इशारा होता. खालच्या मजल्यावर डावीकडे एक जाड खांब आहे, त्याच्यामागची खुर्ची घेऊ नका. तिथून अर्धा रंगमंच दिसतच नाही.

लोक मला वाचायचे, बोट ठेवून ठेवून वाचायचे, आणि मग ठरवायचे. कोणी जायचे, कोणी नाही जायचे. पण माझ्यामुळे फसलो, असं म्हणत परत आलेला माणूस मला आठवत नाही. एकदा थिएटरचा व्यवस्थापक स्वतः आला. बँडमधला ट्रंपेट बेसूर होता, असं एकाने लिहिलं होतं. ते पान फाडा म्हणून तो हटून बसला. मालकीणबाई म्हणाल्या, "फाडणार नाही. उद्या सकाळी चहाला या, आणि त्याच्याखाली तुमचं म्हणणं लिहा." तो खरंच आला. त्याने चहा प्यायला आणि लिहिलं, "ट्रंपेटवाल्याची दाढ त्या दिवशी सकाळीच काढली होती. आता तो बरा आहे." सांगा बरं, अशी वही दुसरीकडे कुठे आहे?

पण मित्रांनो, दिवस सारखे राहत नाहीत. लोकांच्या हातात नवे फोन आले. त्यात म्हणे खेळाला चांदण्या दिलेल्या असतात, पाचपैकी चार, पाचपैकी साडेचार. माणसं खोलीतच अंगठा फिरवून ठरवायला लागली. माझ्याकडे कोण बघणार? माझ्यावर धूळ बसली, मग चहाचे कप बसले, कव्हरवर दोन गोल डाग पडले. मालकीणबाई थकल्या. लॉजचं काम त्यांच्या सूनबाई बघू लागल्या. सूनबाई मनाने चांगल्या, पण त्यांना माझी माहिती नव्हती. टेबलाचा एक पाय आखूड झाला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मी जाडजूड दिसले, आणि मला त्या पायाखाली सारलं. चार वर्षं मी त्या टेबलाचं वजन सोसलं. वाईट वाटलं का, म्हणून विचाराल तर हो, फार वाईट वाटलं. शेकडो माणसांना वाट दाखवणारी मी, आणि माझ्या डोक्यावर फुलदाणीचं टेबल. तरी मी वाकले नाही आणि माझी शिवणही उसवली नाही.

एके दिवशी दुपारी लॉजमध्ये एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण उतरली. भाऊ साठीचा, टक्कल पडलेला, हाताला जुने कापल्याचे व्रण. तो जिने करणारा सुतार होता. त्याला मी सुतारकाका म्हणते. बहीण बोलकी होती. दोघं लाकूड कापायच्या नव्या यंत्रांचं प्रदर्शन बघायला आली होती. म्हणजे सुतारकाका तसं सांगत होते. प्रदर्शन सकाळीच बघून झालं होतं आणि परतीची बस दुसऱ्या दिवशी दुपारची होती. हातात एकच संध्याकाळ होती.

बहीण फोन पुढे करून म्हणाली, "दादा, हे बघ. चार हजार लोकांनी चांगला म्हटलंय."

"त्या चार हजारांतला एकही माझ्या ओळखीचा नाही," सुतारकाका म्हणाले. "एवढा खर्च करून बघण्यासारखा आहे का, एवढंच मला कळायला हवं. उगाच आपलं लोक जातात म्हणून जायचं नाही."

"तुला खर्चाचं काही नाही. उगाच कारणं सांगू नकोस."

मालकीणबाई कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत होत्या. हा प्रश्न कानावर पडला तशा त्या ताठ बसल्या. "सूनबाई, माझी वही कुठाय गं?" त्यांनी विचारलं. सूनबाईंनी जीभ चावली आणि टेबलाखाली बोट दाखवलं.

मला बाहेर ओढलं तर टेबल डुगडुगणार होतं. सुतारकाकांना ते बघवलं नाही. त्यांनी आधी चुलीजवळच्या लाकडांतून एक तुकडा उचलला, खिशातल्या चाकूने त्याची पाचर केली आणि टेबलाच्या पायाखाली ठोकून बसवली. टेबल हलवून बघितलं. मगच त्यांनी मला उचललं, बाहीने पुसलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. चार वर्षांनी माझ्या पानांना वारा लागला.

ते वाचत होते तेव्हा बहिणीने हळू आवाजात मालकीणबाईंना खरं काय ते सांगितलं. त्या जिन्यावरून उतरणाऱ्या बारा जणींमधली एक सुतारकाकांची मुलगी होती. एकुलती एक. अकरा वर्षांपूर्वी ती या खेळात कामाला लागली, तेव्हा सुतारकाका तिला म्हणाले होते, "असलं काम म्हणजे काम नव्हे. मी ते बघायला कधी येणार नाही." ते बोलून गेले आणि मग बोललेलं गिळता येईना. मुलगी आधी पत्रं पाठवायची, तिकिटं पाठवायची. ती तशीच कपाटात पडून राहिली. आता ती फक्त आत्याला फोन करायची.

"तिला सांगितलंय का, तुम्ही आलात म्हणून?" मालकीणबाईंनी विचारलं.

"दादाने शपथ घातलीय. आणि खेळातली तिची ही शेवटची दोन वर्षं आहेत. पुढे नव्या मुली येतात. आज नाही गेला, तर तो पुन्हा इतक्या लांब यायचा नाही. मला माहीत आहे ना तो."

"चारपर्यंत ठरवायला सांगा," मालकीणबाई म्हणाल्या. "मी फोन करून जागा राखून ठेवते. चारनंतर थिएटरवाले ऐकत नाहीत."

तीन वाजले होते. मित्रांनो, एवढी जबाबदारी माझ्यावर कधी आली नव्हती. माझ्यात लिहिणाऱ्या माणसांना काय माहीत, की एक बाप एक दिवस हे सगळं वाचणार आहे? दातांच्या डॉक्टरचं वाचून ते हसले नाहीत. मास्तरांचे एकाहत्तर गुण वाचून म्हणाले, "एकोणतीस कशाचे कापले, ते लिहिलं नाही." पान उलटताना त्यांचं बोट जिन्याचा उल्लेख आला की थांबायचं. ते कोणाला शोधत होते, ते मला कळत होतं. पण माझ्यात कोणीही तिचं नाव लिहिलेलं नव्हतं.

आणि मग ते नको त्या पानावर आले. कोणा शहाण्याने लिहिलं होतं, "जिन्यावरच्या मुली सगळ्या एकसारख्या. एक पाहिली की बारा पाहिल्या." मला ते पान लपवता आलं असतं तर मी लपवलं असतं.

सुतारकाकांचा चेहरा लाल झाला. "एकसारख्या? कोण हा?"

"असेल कोणीतरी, दादा."

"एकसारख्या कशा असतील? आमची मुलगी चालताना उजवा खांदा जरा पुढे टाकते. लहानपणापासून. ते या गाढवाला दिसलं नाही?"

अकरा वर्षांत ते मुलीबद्दल एवढं बोलले नव्हते, असं बहिणीने नंतर मालकीणबाईंना सांगितलं. त्या वेळी मात्र तिने शहाणपण केलं आणि तोंड मिटून ठेवलं. सुतारकाकांनी रागाने पान उलटलं. पुढच्या पानावर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीने लिहिलं होतं, "बाल्कनी, मधली रांग. बारा जणी सव्वीस पायऱ्या उतरल्या आणि एकीनेही खाली पाहिलं नाही. मी नजर हटवली नाही, म्हणून खात्रीने सांगतो. ज्याने कधी हाताने काम केलंय, त्याने बघावा."

ते पान त्यांनी दोनदा वाचलं. मग चष्मा काढला.

"सव्वीस पायऱ्या. डोक्यावर एवढं ओझं. आणि खाली बघायचं नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. "पायाकडे न बघता उतरायचं, तर टाच मागच्या उभ्या फळीला घासत न्यावी लागते. फळी संपली की पाय टेकायचा. एक पायरी बोटभर जरी उंच झाली, तरी माणूस तोंडावर आपटतो. एकतर जिना करणारा मोठा कारागीर असला पाहिजे, नाहीतर उतरणारी."

"आता हे इथे बसून कसं कळणार?" बहीण म्हणाली.

भिंतीवरच्या घड्याळात चाराला सात मिनिटं कमी होती. सुतारकाकांनी मला मिटलं आणि माझ्यावर हात ठेवला. त्यांचा हात किती खरखरीत होता, आणि तरी किती हलका होता.

"लावा फोन," ते म्हणाले. "मी जिना बघून येतो. बाकी मला काही बघायचं नाही."

"कुठली जागा सांगू?" मालकीणबाईंनी विचारलं.

"हिच्यात लिहिलंय ना, खांबामागची खुर्ची. तीच द्या."

"अरे दादा, तिथून अर्धंच दिसतं. सगळे तर घेऊ नका म्हणतायत."

"मला अर्धं पुरे. आणि तिथून आपण कोणाला दिसत नाही."

मला रागच आला. शंभर जणांनी जी खुर्ची घेऊ नका म्हणून लिहिलं, तीच हा माणूस मला वाचून मागत होता. पण मालकीणबाईंनी फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी सुतारकाका खाली आले. डोळे सुजलेले होते. त्यांनी पेनाकडे हात नेला, तर मालकीणबाईंनी कप पुढे सरकवला. "आधी चहा." त्यांनी निमूटपणे चहा घेतला. मग ते माझ्यावर ओणवे झाले आणि बराच वेळ लिहीत राहिले. त्यांचं अक्षर मोठं आणि सरळ होतं, पट्टीने आखल्यासारखं. त्यांनी लिहिलं ते असं:

"कुठे बसलो: खांबामागे. चूक माझी.

काय आवडलं: जिना चांगला नाही. वरून सातवी पायरी बोटभर उंच आहे. मी तीन फेऱ्यांना नीट पाहिलं. अकरा जणी तिथे क्षणभर थबकतात. एक थबकत नाही. ती माझी मुलगी आहे.

कोणी बघावा: तिच्या बापाने. अकरा वर्षांपूर्वी."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ते अंगणात जाऊन उभे राहिले. खेळ संपल्यावर मुलीला भेटायचं धाडस त्यांना झालं नव्हतं. गर्दीतून मागच्या दारापर्यंत गेले होते आणि तसेच परत आले होते. बस दुपारची होती.

पण बहीण काही कच्ची नव्हती. शपथ होती ती फक्त येण्याबद्दल न सांगण्याची, आणि आता तर येऊन झालं होतं. तिने पहाटेच फोन केला होता. नऊच्या सुमाराला साध्या कपड्यांतली, केस मागे बांधलेली एक बाई घाईने आत आली. उजवा खांदा जरा पुढे होता. आत्याने मला तिच्यासमोर उघडं ठेवलं.

तिने वाचलं. मग तिने तोंडावर हात ठेवला आणि ती रडली. आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. थोड्या वेळाने तिने पेन उचललं, तर मालकीणबाई म्हणाल्या, "आधी चहा, बाळ. इथे सगळ्यांना तोच नियम." ती रडता रडता हसली आणि उभ्यानेच कप रिकामा केला. मग तिने वडिलांच्या अक्षरांखाली लिहायला घेतलं. तिचं अक्षरही तसंच मोठं आणि सरळ होतं.

"कुठे होते: सगळ्यात वरच्या पायरीवर. तिथून दिव्यांमुळे समोरचं कोणी दिसत नाही. फक्त एक खुर्ची दिसते, कारण खांबावर बाहेर जायच्या दाराचा दिवा आहे. अकरा वर्षं मी रोज त्या खुर्चीकडे बघून उतरते, कारण बघायला दुसरं काही नसतं. काल तिथे बाबा होते.

काय आवडलं: सातव्या पायरीवर एरवी मीही थबकते. काल थबकले नाही."

कोणी बघावा, ते तिने लिहिलं नाही. तेवढ्यात सुतारकाका दारात येऊन उभे राहिले होते.

दोघं काय बोलली, ते मी सांगणार नाही. फारसं बोललीच नाहीत. सुतारकाकांनी माझं पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग मालकीणबाईंना विचारलं, "उद्याही असते ना बस?"

"रोज असते," मालकीणबाई म्हणाल्या.

मित्रांनो, आता मी पुन्हा टेबलावर आहे. सूनबाई रोज मला पुसतात आणि आल्यागेल्याला मोठ्या तोऱ्यात दाखवतात. मला तुमच्याकडून फार काही नको. तुमच्या घरात, शाळेत, कुठेतरी माझ्यासारखी एखादी वही धूळ खात असेल. तिला कशाखाली सारण्याआधी एकदा उघडून बघा. आणि कोणाच्या कामाबद्दल लिहायची वेळ आली, तर आधी शांतपणे चहा प्या, नीट आठवा, आणि जे पाहिलंत तेच लिहा. सगळ्या एकसारख्या, असं मात्र कधी लिहू नका. ते कोणाचे बाबा वाचतील, हे तुम्हाला ठाऊक नसतं.